तुझ्या पायलट-कार्डाला वारस लागत न्हाई

आक्का, घरात मी तुला तुम्ही म्हनायचे आन् रानात आलं की तू. तूच सांगितलं व्हतंस, "रानात तुम्ही-बिम्ही नको पूजे, ड्रोनला तार आडवी आली तर 'अहो तुम्ही बघा' म्हनूस्तवर पंखा तुटंल." म्हनून हे रानात बसून लिहितेय, लिंबाखाली. माझी चिऊ झोळीत झोपलीय, पायानं झोळीची दोरी हलवतेय आन् हातानं लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. घरात लिहवत न्हाई. घरात तुझा फोटो लावलाय, हार घातलाय, पन त्या फोटोतली पदर घेतलेली नवी नवरी माझ्या वळखीची न्हाई. माझी आक्का म्हंजी साडीवर मोठ्या भावजींचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आन् वर नुसते दोन डोळे, आभाळाला लावलेले.

सांत्वनाला बाया येत्यात, इचारत्यात, तू कोन तिची? मी म्हनते धाकटी जाऊ. मनात म्हनते, मदतनीस. बचत गटाच्या ड्रोनची पायलट तू आन् मदतनीस मी, असंच लिहिलं व्हतं ना गटाच्या कागदावर. पायलट गेली. मग मदतनीस कुनाची ऱ्हाते, हे कुठंच लिहिलेलं न्हाई.

दुपारी अजून ड्रोनचा आवाज येतो मला. भांडी घासताना, चिऊला पाजताना, लांबून मधमाश्यांचं पोळं उठल्यागत. मी हातातलं ठेवून बाहेर येते आन् बाहेर काय न्हाई, ऊस हाय, ऊन हाय. मग आठवतं, त्याच्या पोटाखाली औषधाचं पानी भुरभुर पडायचं आन् तिरपं ऊन आलं की त्यात एवढंसं इंद्रधनुष्य दिसायचं, ड्रोनच्या संगं संगं चालायचं, ह्या बांधापासून त्या बांधापातूर. मी तुला म्हनायचे, आक्का बघ बघ, आन् तू म्हनायचीस, "तू बघ, मला ड्रोन बघू दे." आपल्या दोघीतलं इंद्रधनुष्य सगळं मलाच मिळालं. तू कवा बघितलंच न्हाईस गं.

आन् उसात कुनाला जायला लागायचं न्हाई, हे किती मोठं व्हतं. आपल्याकडं ऊस डोक्याच्या वर गेला की आत बिबट्या हाय असंच धरून चालायचं, असो का नसो. मी तर नवी नवरी आले तवापासून उसाच्या कडंनं जाताना सुद्धा मोबाईलवर भजन मोठ्यानं लावायची. तू हसायचीस, "बिबट्या तुझं भजन ऐकून टाळ घेऊन येईल." पन तू ड्रोनचं शिकायला का गेलीस ते मला ठाऊक हाय. पाठीवर पंप घेऊन बाया आत जायच्या आन् बाहेर येईस्तवर तू बांधावर उभी ऱ्हायचीस, नावं घेऊन घेऊन हाका मारीत.

तुझं कागदाचं येड मात्र मला कळायचं न्हाई. तुझं पायलटचं कार्ड, ड्रोनच्या नोंदनीचा कागद, विम्याचा कागद, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत, ती डब्याच्या वर. भाकरी इसरली तर चालंल, पिशवी इसरायची न्हाई. एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या अंगाला गेलो आन् पिशवी घरी राहिली, तर सगळं सामान टेंपोतनं उतरवलेलं असताना तू परत भरायला लावलंस. तो शेतकरी डोक्याला हात लावून बसला. "अवो ताई, माझ्या रानात कोन इचारतंय?" तू म्हनालीस, "रान तुमचं हाय, आभाळ न्हाई."

कोन इचारतंय ते मला भीमा ओलांडून दौंडच्या अंगाला गेलो तवा कळलं. त्या दिवसांत सगळीकडं बोंब व्हती, रातच्याला आभाळात दिवे फिरत्यात, चोर वरनं घरं हेरत्यात. लोकं काठ्या घेऊन जागायची. आन् आपन भर दुपारी तिथं फवारनीला. रानाचा मालक आपल्याला कामाला लावून दौंडला गेलेला. चिऊ तवा पोटात, सहावा का सातवा चालू. बघता बघता बांधावर मानसं जमली, दहाची वीस झाली, एकजन वरडला, "हीच ती! रातची टेहळनी करती, दिवसा औषधाचं नाटक!" मी पोट धरून खालीच बसले. तू आभाळातनं नजर काढली न्हाईस.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. हवालदार लांबनंच वरडला, "ए बाई, खाली घे ते!"

"घेते साहेब," तू म्हनालीस, "टाकीत औषध हाय, कुनाच्या डोक्यावर सांडायला नको, तेवढा बांध मोकळा करा."

औषध म्हनल्यावर सगळी काठीवाली मानसं अशी मागं सरली, एकजन पान्याच्या चारीतच पडला. मला तसल्यात बी हसू आलं.

तू ड्रोन उतरवलास. पंखे थांबूस्तवर उभी राहिलीस, बॅटरी काढलीस, मास्क खाली घेतलास आन् मग म्हनालीस, "हं, बोला."

"परवाना हाय का?"

तू पिशवी दिलीस. त्यानं कार्ड बघितलं, तुझ्याकडं बघितलं, परत कार्डाकडं. "पायलट? तुम्ही?"

"व्हय."

"फोटोत येगळ्या दिसताय."

"तवा गाल व्हते साहेब. आता ऊन खातंय."

गर्दीत कोनतरी फिसकन हसलं. मग तो हवालदार ढोपरावर बसला आन् ड्रोनच्या अंगावर चिकटवलेला नंबर एकेक अक्षर वाचायला लागला, आन् तू उभ्यानं कागदावरनं तोच नंबर म्हनायला लागलीस, सत्यनारायनाला भटजी म्हनत्यात आन् आपन मागनं म्हनतो तसं. शेवटचं अक्षर जुळलं तवा वारा सुटल्यागत झालं.

"विमा तुमच्या नावाचा हाय का?"

"माझ्या न्हाई साहेब. ज्याच्या डोक्यावर पडंल त्याच्यासाठी हाय. तुम्ही तिथंच उभं हाय म्हनून सांगते."

तो एकदम दोन पावलं बाजूला झाला. मग लोकांना म्हनाला, "जावा घरला. ही कागदाची बाई हाय."

परत येताना टेंपोत तू मला हळूच म्हनालीस, "पूजे, माझं पाय बघ की." तुझं पाय थडथड उडत व्हते, साडी हलत व्हती. मला वाटलेलं तू भीत न्हाईस. तू म्हनालीस, "कागद व्हता म्हनून आवाज निघाला. न्हाईतर तुझ्या बी पुढं पळाले असते, तुला टाकून." आन् मग आपन दोघी हसलो, पारगावच्या पुलापातूर हसत आलो, आन् मला वाटतं चिऊला तो आवाज पोटात ऐकू गेला असनार, ती अजून झोपेत तशीच हसते, थांबून थांबून.

त्या दिवसापासून तू हजेरी सुरू केलीस. ड्रोनची हजेरी. उडवायच्या आधी मी मोठ्यानं म्हनायचं आन् तू बघून उत्तर द्यायचं. नंबर? हाय. विमा? हाय. नकाशा? म्हंजी मोबाईलवर ती जागा हिरवी दिसतीय ना, उडवायला मोकळी. हाय. आन् शेवटी, पायलट? तवा तू छातीवर हात ठेवून "हाय!" म्हनायचीस, शाळेतल्या पोरीसारखं. रानातली मानसं हसायची. मला लई लाजिरवानं वाटायचं. आता वाटतं, नववीनंतर शाळा सोडल्यापासून हजेरी घ्यायची माझी तीच एक शाळा व्हती.

आक्का, आता भांडनाचं बोलू का? बोलायचं राहिलंय ते.

मी म्हनले व्हते, "एकदा दे की रिमोट हातात. दोन वर्सं बघतेय, मला सगळं येतं."

"येतं की. माझ्यापेक्षा चांगलं येईल तुला. पन कागद हाय का?"

"कोन बघतंय? उसात काय पोलीस बसलाय?"

"तू हायस की. तुला ठाऊक असंल."

"एकदाच गं."

"बाहेरून दहावी कर. मग टिरेनिंगला मी सोताहून सोडायला येते."

"मला अडानी म्हनतीस?"

आन् तू औषध ढवळत ढवळत, माझ्याकडं न बघता म्हनालीस, "नववी झालेलीला अडानी कोन म्हनंल? अर्धी म्हनते."

अर्धी. मी दोन दिस बोलले न्हाई तुझ्याशी. तू दोनदा चहा ठेवलास माझ्यापुढं, मी प्याले पन बोलले न्हाई. तिसऱ्या दिवशी तुला ताप आला. मी म्हनले, ताप उतरू दे, मग चांगलं भांडते. शिरूरला नेलं, तिथनं पुढं पुण्याला नेलं, आन् शिरूरला खाटेवर असताना तू मला शेवटचं बोललीस ते काय, तर "बॅटऱ्या उन्हात ठेवू नको." आक्का, असं कोन जातं? माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं. चांगलं तयार केलं व्हतं मी. तू पन अर्धीच, तुला भाकरी गोल येत न्हाई, असं म्हननार व्हते. मग तू हसली असतीस. राग अजून हाय, खोटं कशाला सांगू. पन रागाच्या खाली इतकी माया लागती हाताला, की राग धरायला जाते आन् तीच धरली जाते.

तू गेल्यावर एकदा दिसलीस. दुपारी चिऊला पाजता पाजता डोळा लागला. मोठ्ठं रान, पीक कसलं ते कळत न्हाई, पांढरं, धुक्यासारखं, कंबरेएवढं. तिकडल्या बांधावर एक मानूस खुर्ची टाकून बसलेला. तुला म्हनला, कागद. तू पिशवी उघडून एकेक कागद देत व्हतीस, तो बघून परत देत व्हता, घाई कुनालाच न्हाई. मी इकडल्या बांधावरनं वरडत व्हते, आक्का तार, तार, आन् तिथं खांब बी न्हाई तार बी न्हाई. तू वळून म्हनालीस, "दिसलं मला." आन् त्या पांढऱ्यातनं चालत गेलीस. मला जाग आली तर चिऊ दूध प्यायची सोडून माझ्याकडं बघत व्हती.

आता आप्पांचं ऐक. तुझं तेरावं झालं आन् आप्पांनी माझ्यामागं लकडा लावला. आपल्या सासऱ्यांचं भाऊ, त्यांना तू वळखतीस, डोक्यात आलं की आलं. उसावर पांढरी माशी पडली व्हती, गटातल्या समद्यांचा ऊस. आप्पा म्हनले, "सातबाऱ्याला वारस लागतो, रेशनकार्डात नाव चढतं, मग ह्या पायलटच्या कार्डाला काय धाड भरलीय? वारसनोंद करून टाकू. थोरलीचं कार्ड धाकटीच्या नावावर."

आन् आक्का, मला ते खरं वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. आपल्याकडं मानूस गेलं की त्याचं सगळं कुनाच्या तरी नावावर चढतं ना, विहिरीतलं पानी सुद्धा वाटून येतं. मी तुझ्या मयताचा दाखला घेतला, माझं आधार घेतलं, दोन फोटो काढले, चिऊला काखेत मारलं आन् आप्पांच्या मागं तळेगावच्या बाजारातल्या त्या ऑनलाईनवाल्याकडं गेले. रस्ताभर मनात गोड वाटत व्हतं. तुझ्या नावाखाली माझं नाव येनार.

त्या पोरानं दाखला बघितला, कार्ड बघितलं, म्हनला, "वारस? आप्पा, हे काय रान हाय का? उद्या यष्टीचा ड्रायव्हर गेला तर त्याची बायको यष्टी चालवंल का?"

आप्पा म्हनले, "शिकवली तर चालवंल की! काय येड्यागत बोलतो?"

"तेच म्हनतोय, शिकवा मग. पायलट गेली की कार्ड गेलं. वैनी, तुमची दहावी झालीय?"

मी चिऊचं टोपडं नीट केलं. म्हनले, "नववी."

"मग न्हाई जमत. आधी दहावी, मग टिरेनिंग, परीक्षा, मग तुमचं सोताचं कार्ड निघंल."

बाहेर भाजीबाजारात आप्पा माझ्या कानाशी म्हनले, "गप उडव. कोन बघतंय?" माझंच वाक्य आक्का. जसंच्या तसं माझंच. आन् ते दुसऱ्याच्या तोंडनं इतकं परकं वाटलं, की मी कोथिंबिरीच्या ढिगाकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रोन रानात. सगळा गट आलेला. आप्पांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी म्हनले न्हाई आप्पा, तर म्हनले, "मग बाळूला घालतो पंप घेऊन आत. मागल्या महिन्यात ह्याच उसातनं वासरू नेलंय बिबट्यानं. त्याचं काय झालं तर तू बघ." बाळूभावजी बिचारे पाठीवर पंप अडकवून उभे, आप्पांचा एकुलता एक, त्यांचं तोंड वाळून गेलेलं.

आक्का, रिमोट किती हलका असतो गं. मला वाटायचं जड असंल.

मी सगळं केलं. पंखे उघडले, बॅटरी बसवली, टाकी भरली. हात आपापले चालत व्हते, मी कुठंतरी लांब उभी राहून बघत व्हते. आन् हाताबरोबर तोंड बी चाललं. "नंबर?" मी म्हनले, वाकून बघितला, "हाय." "विमा?" "हाय." "नकाशा?" मोबाईल हिरवा. "हाय." "पायलट?"

ऊस हलत व्हता. त्याची पानं एकमेकांवर घासत व्हती आन् लांब कुठंतरी टिटवी. गटातल्या बाया सगळ्या खाली बघाय लागल्या, त्यांनी हजार वेळा ऐकलेलं ना तुझं "हाय". मी थांबले. इतकी थांबले की चिऊ रडायची सुद्धा राहिली. मला वाटलं, आता येईल. खरंच वाटलं.

"वैनी, उडवा की," बाळूभावजी म्हनले.

"पायलट न्हाई," मी म्हनले आन् बॅटरी काढली.

आप्पा खवळले. "शेळी हायस, शेळी! नुसती शेळी!"

"व्हय आप्पा, शेळी हाय. शेळीलाच ठाऊक बिबट्या काय असतो. म्हनून भावजींना बी आत जाऊ देत न्हाई. ठेवा पंप खाली." हे कोन बोललं ते मलाच कळलं न्हाई. बाळूभावजींनी आप्पांकडं बघितलंच न्हाई, पंप काढून खाली ठेवला. लई हळू ठेवला, जागं व्हईल म्हनल्यागत. तवापासून आप्पा माझ्याशी बोलत न्हाईत. बाळूभावजींची आई मात्र संध्याकाळी वाटीभर तूप देऊन गेली.

गटातल्या बायांनी मग तुझ्याबरोबर टिरेनिंगला व्हती ती दौंडकडची पोरगी बोलावली. गाडीवर आली, मागं नवरा बसलेला, मला बघून गळ्यात पडली. मी रडून घेतलं, डोळे पुसले आन् म्हनले, "ताई, कागद दावा."

"मला?" ती म्हनली. "अगं आक्काच्या शेजारी बसून परीक्षा दिलीय मी."

"व्हय. पन दावा."

तिनं दाखवलं. मी सगळं वाचलं, सावकाश, इंग्रजी आलं तिथं बोट ठेवून ठेवून. ती म्हनली, "आक्काची मदतनीस शोभतीस." तिनं सगळा ऊस फवारून दिला. मी तिला तार दाखवत व्हते, "तार! डावीकडं तार!" आन् खाली ते इंद्रधनुष्य चाललं व्हतं. मी ह्या वेळेला बघितलं न्हाई. ड्रोनकडं बघत राहिले.

पन दर वेळेला दौंडवरनं कोन येनार? तिला तिचं गाव हाय. म्हनून काल आम्ही शिरूरला गेलो. ह्यांनी कंपनीत, रांजनगावला, अर्धा दिस मागून घेतला. आधी माझ्या माहेरच्या शाळेतनं दाखला आनला, शाळा सोडल्याचा. तो तिथं इतकी वर्सं तसाच पडून व्हता, कुनी आनायला गेलंच न्हाई. त्याच्यावर माझं माहेरचं नाव, माझ्या वडलांचं नाव. माझ्या नावाचा कागद आक्का, मी रस्ताभर ओटीत धरून बसले.

शिरूरच्या शाळेतल्या सरांनी चष्म्यावरनं बघितलं. म्हनले, "बाहेरून दहावी? आता कशाला? बाळ एवढं लहान हाय."

मी कधीच कुनाला हे तोंडानं म्हनलेलं न्हाई. घरात न्हाई, ह्यांना बी न्हाई. मी म्हनले, "विमान उडवायचंय सर. फवारनीचं. त्याला लागती दहावी."

शिपाई हसला. सर हसले न्हाईत. म्हनले, "मग गनित नीट करा, तिथं बाया अडकत्यात. इंग्रजी?" मी म्हनले, भीती वाटती. ते म्हनले, "वाटू द्या, पेपर भीत भीत लिहिला तरी मार्क पडत्यात." आन् लिहिता लिहिता सहज इचारलं, "पेपर तीन-तीन तासांचे असत्यात, तेवढा वेळ बाळाला कोन धरंल? आधीच ठरवा, न्हाईतर मधनंच उठून जात्यात बाया."

मी लगेच तोंड उघडलं, "आमच्या आक्का" म्हनायला.

तोंड तसंच उघडं राहिलं. सर पेन धरून वाट बघत व्हते. चिऊ माझ्या मंगळसूत्राशी खेळत व्हती. शाळेतल्या पोरी कुठंतरी पाढे म्हनत व्हत्या.

मग मागनं हे म्हनले, "मी धरतो. रजा टाकतो पेपरच्या दिवशी."

सरांनी मान हलवली आन् शिक्का मारला.

ह्यांना अजून झोळी बांधता येत न्हाई, आक्का. गाठ सुटते. शिकवायला पायजे.